वेळशीचं पाकीट

पाकीट उघडलं आणि आतून नुसता भुसा पडला.

तपकिरी, कोरडा भुसा. त्यात दोन बारीक भुंगेरे होते आणि त्यातला एक अजून चालत होता. मी कागदाचं ते पाकीट खिडकीशी नेलं, उलटं करून झटकलं, आत बोट फिरवून पाहिलं. काही नाही. पाकिटावर सामंत सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘वेळशी, देवराई. पडलेल्या खोडावर. १९ जुलै.’ अक्षरं जिथल्या तिथे होती. अळंबी तेवढी नव्हती.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधला तो मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांतसाहेब वेळशीच्या राईत पाहणीला येणार होते आणि हे पाकीट त्यांच्यापुढे ठेवायचं होतं.

“परुळेकर, मिळालं का?” शेजारच्या प्रयोगशाळेतून सरांनी विचारलं.

“मिळालं, सर.”

पाकीट मिळालं होतंच. तेवढ्या शब्दाचा आधार घेऊन मी भुंगेरा चिरडला आणि खुर्चीवर बसले.

सामंत सर आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मी त्यांची विद्यार्थिनी आणि त्या वर्षापासून त्यांच्याच हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. सव्वीस वर्षं ते जिल्ह्यातल्या रानांत हिंडून अळंब्या आणि बुरश्या गोळा करत होते. गावात त्यांना ‘छत्र्यांचे मास्तर’ म्हणत, तोंडावरसुद्धा. सर रागवत नसत. “वाघ मोजायला माणसं आहेत, पाखरं मोजायला आहेत,” असं ते वर्गात सांगत. “पडलेलं झाड कुजवून परत मातीत कोण घालतं, ते मोजायला कुणी नाही. आपण मोजू.” त्या मोजणीची दोन लोखंडी कपाटं होती. तीन हजारांच्या आसपास पाकिटं, प्रत्येकात वाळवलेला नमुना, वर जागा, तारीख, कशावर उगवली, वास, रंग. पाहिलं नसेल ते लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक. एखाद्या मुलाने वासाच्या रकान्यात अंदाजाने काही खरडलं, तर सर वहीचं ते पान फाडून त्याच्याच हातात देत.

दुसरा दंडक कपाटाचा. रानातून आणलेला कुठलाही नमुना वाळवला की आधी आठ दिवस बर्फात. अळंबीच्या आत किड्यांची अंडी असतात, वाळवून ती मरत नाहीत. कॉलेजकडे तसला फ्रीज कुठला असायला! म्हणून बाजारात कामतांच्या कोल्ड्रिंक हाउसमध्ये आइस्क्रीमच्या पेटीच्या तळाशी आमची प्लॅस्टिकची पिशवी असे. “काय गो, आज काय ठेवतंस? व्हॅनिलाच्या बाजूक नको हां,” असं कामत दर वेळी म्हणायचे आणि गिऱ्हाइकं हसायची.

गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे एक नमुना राहिला होता, झाडाच्या बुंध्यावर फळीसारखी वाढते त्या जातीचा. कामतांचं दुकान बंद झालेलं. ते सणाला गावी गेले होते आणि मलाही माझ्या गावची शेवटची एसटी पकडायची होती. वाळलाय चांगला, काय होतंय, असं म्हणून मी तो सरळ कपाटात ठेवला आणि कुलूप लावून पळाले. परत आल्यावर विसरले. विसरले म्हणणं सोपं आहे. खरं तर आठवलं होतं, पण कंटाळा केला.

आता त्या खणातली अकरा पाकिटं पोखरली गेली होती. दहांचं दुःख नंतर करता आलं असतं. अकरावं वेळशीचं होतं.

वेळशी म्हणजे कातळाच्या कडेला वसलेलं चाळीस घरांचं गाव. गावाला लागून देवराई. आदल्या जुलैत आम्ही तिथे गेलो होतो. त्या राईतून वाळलेलं पानही बाहेर न्यायचं नाही, अशी गावाची रीत. सर ती मोडणारे नव्हते. भागीआजी म्हणून सत्तरीतल्या बाई होत्या, देवीची झाडलोट त्यांच्याकडे. त्यांनी गुरवाला बोलावून कौल लावला. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर परवानगी. सर, मी आणि आजी पाऊण तास पावसात उभे. उजवी पडली. तेव्हा आजी म्हणाल्या, “एका पानात मावात तितक्याच घेवा. वायच पन जास्ती नको.”

एका पानात सात मावल्या. नखाएवढ्या, जांभळट, कडेला केशरी झाक. सरांनी एक नाकाशी धरली आणि मला दिली. पिकलेल्या काजूच्या बोंडाचा वास येत होता. सरांनी चित्रं काढून दोन मोठ्या जाणकारांना पाठवली. दोघांचंही उत्तर आलं की आम्ही ही कधी पाहिलेली नाही, नमुना पाठवा. सर म्हणाले, “पुढच्या पावसात पुन्हा दिसू दे. एकदा पाहून नाव द्यायची घाई कशाला?” सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही जातीला नाव दिलेलं नव्हतं.

पुढचा पाऊस यायच्या आधी चिरेखाण आली. मोहिते नावाच्या घाटावरच्या ठेकेदाराला कातळातला जांभा काढायची परवानगी मिळाली आणि नकाशात राईचा अर्ध्याहून जास्त तुकडा खाणीच्या हद्दीत गेला. गावाने देवीचं कारण सांगितलं. त्यावर मोहित्यांनी देवीला नवं देऊळ बांधून द्यायची तयारी दाखवली, आणि ते कारण तिथेच संपलं. राहिलं सरांचं पत्र : या राईत एक अळंबी आहे, ती आमच्या माहितीप्रमाणे दुसरीकडे कुठेही नाही. प्रांतांनी कळवलं, घेऊन या, दाखवा. मार्चमध्ये अळंबी कुठून दाखवणार? ती आषाढात जेमतेम आठवडाभर येते. राईत तेव्हा नुसता पाचोळा. म्हणजे राई वाचायची तर त्या पाकिटावर.

मी दुसरं कपाट उघडलं. खालच्या खणात आंबोलीच्या अळंब्यांचं एक पाकीट होतं, याच कुळातल्या, याच बेताच्या. वाळल्यावर सगळ्याच सुकलेल्या मनुकांसारख्या दिसतात. मी सात तुकडे मोजून काढले आणि वेळशीच्या पाकिटात घातले. वासाचा विचार आला होता मनात. आठ महिने झालेत, उडून गेला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाकिटाची घडी सरांच्या घडीवरच पाडली आणि ते नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“जपून ने उद्या,” सर म्हणाले. “तुझ्याच पिशवीत राहू दे. माझ्या पिशवीत डबा आहे, तेल सांडतं.”

सकाळी राईच्या तोंडाशी सगळ्यांनी चपला काढल्या. प्रांतसाहेब तिशीतले होते, त्यांनी बूट काढून मोजे खिशात कोंबले. मोहितेसुद्धा अनवाणी आले. माणूस उर्मट नव्हता. त्याला धंदा करायचा होता. गावातली पंचवीस-तीस माणसं पारावर बसली होती. भागीआजी पुढे आल्या आणि सरांना विचारलं, “मास्तरानू, हाडलास मां ता?”

“आणलंय, आजी.”

“देवीन दिलेला ता. देवीच्याच कामाक येताला.”

प्रांतसाहेबांनी राई फिरून पाहिली. पायाखाली पाचोळा कुरकुरत होता. ते खोड अजून तिथेच होतं, आडवं, अर्धं कुजलेलं. सरांनी त्यावर हात ठेवून सांगितलं, इथे. साहेबांनी वाकून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं.

“साहेब, रागावू नका,” मोहिते म्हणाले, “पण असली छत्र्यं आमच्या गोठ्यामागं पावसाळ्यात ढिगानं उगवत्यात. त्यापायी खाण बंद ठेवायची म्हणजे लोक हसतील आपल्याला.”

“हसू देत,” सर म्हणाले. “तुमच्या गोठ्यामागे आहेत त्याही मला बघायच्या आहेत. ही मात्र त्यांतली नाही.”

पारावर सतरंजी घातली होती. तिथे बसल्यावर साहेबांनी फाइल उघडली. “सामंत सर, मला यातलं काही कळत नाही, मी स्पष्टच सांगतो. मी तुमच्या शब्दावर निर्णय घेणार आहे. एकच प्रश्न. हा नमुना याच राईतला, तुम्ही स्वतः गोळा केलेला आहे? तसं लिहून सही करून द्याल?”

मी पिशवीतून पाकीट काढून सरांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, घडी उलगडली आणि एक तुकडा तळहातावर घेतला. भिंग लावलं. मग सवयीने तो नाकाशी नेला.

त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला, डोळे मिटून, सावकाश. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं मी नजर चुकवीन. ते जमलं नाही. त्यांना सगळं कळलं आहे, हे मला कळलं.

सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात भागीआजी उठून उभ्या राहिल्या.

“सायबानू, आमचा कोण आयकणा नाय. आमी मेलेल्या माणसाक जाळूक सुदिक हयचा लाकूड नेवक नाय. तुमका देवी खरी वाटना नाय तर ऱ्हवांदे. पन मास्तर खोटा बोलाचे नाय. ते काय सांगतत ता लिवन घेवा.”

पारावरचे सगळे सरांकडे बघत होते. कुणाचं पोर रडायला लागलं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं. सर तळहातावरच्या तुकड्याकडे बघत बसले होते. मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं की सर, नाही म्हणा, मी बदललंय ते. आणि त्याच वेळी, देवीची शपथ घेऊन सांगते, त्यांनी होय म्हणावं असंही वाटत होतं.

“होय,” सर म्हणाले. “इथलाच.”

त्यांनी कागद मांडीवर घेतला, तीन ओळी लिहिल्या, सही केली. साहेबांनी पाकिटातले चार तुकडे एका लिफाफ्यात घातले, लाखेचं सील केलं आणि फाइलला जोडलं. आठ दिवसांत हुकूम निघाला. खाणीची हद्द राई सोडून मागे सरकली. पण सही झाली त्या क्षणीच सगळ्यांना तो हुकूम कळला होता. मोहिते उठून सरांना नमस्कार करून गेले.

आजींनी नारळ वाढवला. खोबऱ्याचा पहिला तुकडा सरांपुढे धरला. “घेवा मास्तरानू.”

“माझा हात खराब आहे, आजी,” सर म्हणाले.

“मगे तोंडात घालतंय.”

“नको. पोरीला द्या.”

मी तो हातात घेतला, पण मीही खाल्ला नाही.

एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. कातळावर ऊन नुसतं रटरटत होतं. सरांनी डबा उघडला नाही. मग ते म्हणाले, “आंबोलीची ना?”

“हो.”

“दोन नंबरचं कपाट, खालचा खण.”

“हो, सर.”

“आपली कुठे गेली?”

मी सांगितलं. चतुर्थी, कामतांचं बंद दुकान, एसटी, कंटाळा. सांगताना मला रडू फुटलं. सर रागवले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, “एकच खण गेला ना? बाकीचे पाहिलेस?”

“पाहिले. एकच.”

“उद्या सगळी पाकिटं कामतांकडे टप्प्याटप्प्याने ने. थोडं थोडं. त्यांचा धंदा मोडू नकोस.”

“सर, तुम्ही नाही म्हणायचं होतं. माझं नाव सांगायचं होतं.”

“तेच म्हणणार होतो.” ते रस्त्याकडे बघत होते. “मग आजी बोलल्या. पण ते काही खरं कारण नाही, त्यांच्यावर कशाला ढकलू? मला राई हवी होती. फार हवी होती.”

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, कपाटांच्या दोन किल्ल्या सोडवल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

“हे काय, सर?”

“आजपासून कपाटं तू बघ. पाकिटांवर सहीही तूच कर.”

“मी? सर, खोटं मी केलं!”

“तू पाकीट बदललंस,” सर म्हणाले. “विचारलं मला होतं.”

एसटी आली. सर पुढच्या बाकावर बसले, मी मागे. त्यानंतर ते दोन वर्षं नोकरीत होते, वर्गात शिकवायचे, मुलांच्या वह्या तपासायचे. पण कपाटाच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही आणि एकाही पाकिटावर पुन्हा अक्षर लिहिलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारे थकले. मी गप्प राहिले.

पुढचे दोन पावसाळे त्या खोडावर काही आलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात आली. मी कौल लावून घेतला, एका पानात मावल्या तेवढ्या आणल्या आणि तशीच भिजत सरांच्या घरी गेले. निवृत्त होऊन महिना झाला होता. त्यांनी पान दोन्ही हातांत धरून तोंडाजवळ नेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सर, आता नाव देऊ या. तुमच्या नावाने देते.”

“आधी यातल्या प्रांत कचेरीत नेऊन दे. तिथल्या चुकीच्या आहेत म्हणून सांग.”

“सांगितलं तर राई जाईल, सर. मोहिते टपून बसलेत.”

त्यांनी वाद घातला नाही. पान परत माझ्या हातात दिलं. “मग नावही नको. त्या फाइलवर उभं राहून नाव देऊ नकोस.”

मी दिलं नाही. सर गेले, भागीआजी गेल्या. मी त्याच कॉलेजात शिकवत राहिले, सह्या करत राहिले. अधूनमधून वेळशीला अळंबी यायची, मी तिचं पाकीट करायची, आठ दिवस बर्फात, मग कपाटात. अशी नऊ पाकिटं झाली. प्रत्येकावर जागा, तारीख, वास. नावाची ओळ कोरी.

गेल्या पावसाळ्यानंतर, माझ्या निवृत्तीला चार महिने असताना, सरकारी पत्र आलं. वेळशीच्या कातळावर खाणीसाठी नव्याने अर्ज झाला होता. जुनी फाइल निघाली होती. पत्रासोबत तो लिफाफा होता, लाख तशीच. ‘सदर नमुना मौजे वेळशी येथील देवराईतील आहे किंवा कसे, याबाबत आपला स्वयंस्पष्ट अभिप्राय कळवावा.’ जिल्ह्यात यातलं जाणणारी मी एकटीच, म्हणून मला.

मी होय लिहिलं असतं तर कुणी तपासलं नसतं. आठ दिवस तो लिफाफा माझ्या टेबलावर होता. नववा दिवस उजाडला तेव्हा मी उत्तर लिहायला बसले.

पहिली ओळ पटकन झाली. नाही, हा नमुना आंबोलीचा आहे. दुसरीही झाली : तो पाकिटात मी घातला. वेळशीची अळंबी खरोखर त्या राईत आहे आणि तिचे नऊ नमुने सोबत जोडत आहे, हेही लिहिलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर झालं होतं, आणि पत्र वाचणाऱ्याला वाटलं असतं की बिचाऱ्या सामंतांना त्यांच्या पोरीने फसवलं.

दुपारभर मी ते पत्र पुढ्यात घेऊन बसले. सरांनी माझ्या वहीची किती पानं फाडली होती, ते आठवत राहिले. मग शेवटचं वाक्य लिहिलं, ‘प्रा. सामंत यांनी नमुना पाहताक्षणीच तो वेळशीचा नसल्याचे ओळखले होते, व तरीही त्यांनी होय असे लिहून दिले,’ आणि खाली सही केली.